सहा मिनिटांचं पाणी

पंप दोनदा खोकला आणि नळीतून पाण्याऐवजी हवा फुसफुसू लागली. मी घड्याळ पाहिलं. बारा बावन्न. पंप सुरू केला तेव्हा बारा शेहेचाळीस झाले होते.

नळी आनंदी धुमकच्या हातात होती. तिनं ती झटकली, तोंड वर करून आत पाहिलं आणि पिकअपवर उभ्या असलेल्या बाळा मांडवकरला विचारलं, "बंद का केलास?"

"मी नाय केला, वयनी. टाकी रिकामी झाली."

आनंदीनं टाकीकडे पाहिलं, मग वर सड्याकडे, डोंगरावरच्या कातळाच्या माळाकडे. तिच्या काजूच्या बागेची वरची कड आमच्यापासून चाळीस पावलांवर होती. कडेला दहा फूट रुंदीचा साफ केलेला पट्टा होता. त्याला आम्ही जाळरेषा म्हणायचो. डिसेंबरात ती आम्हीच काढली होती. पट्ट्यापलीकडे कमरेएवढं वाळलेलं गवत, आणि त्या गवतातून वणवा खाली येत होता. पाठीला समुद्राकडचा वारा. पट्ट्याच्या अलीकडचं गवत ओलं करत गेलं, तर आग तिथं अडते, हे आम्ही चार उन्हाळे करून पाहिलं होतं. त्या दिवशी निम्मी कड ओली झाली होती. उरलेल्या निम्म्या कडेवर ठिणग्या पडायला लागल्या.

"हातानं मारा," ती म्हणाली. नळी टाकून तिनं ऐनाची हिरवी फांदी उचलली आणि पुढे गेली. तिच्यामागे आम्ही अठरा जण.

टाकी एवढ्यात का संपली, हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आमच्या कातळशेत गावाला तालुक्याहून आगीचा बंब यायला सव्वा तास लागतो. तोही रस्ता जिथवर आहे तिथवरच. एका उन्हाळ्यात वणवा घडशीवाडीत शिरला आणि अकरा गोठे जळाले. बांधलेली जनावरं दावणीलाच मेली. त्यानंतर रामजी गोताड या म्हाताऱ्यानं घरोघर फिरून माणसं गोळा केली आणि वणवा पथक उभं केलं. पगार नाही, गणवेश नाही. हिरव्या फांद्या, भिजवलेली पोती आणि आंब्यावर फवारणीसाठी घेतलेले पाठीवरचे पंप एवढंच सामान. पुढे गावच्या मुंबईकर मंडळानं हजार लिटरची टाकी आणि तिला जोडायचा फवारणीचा मोठा पंप दिला. बाळाच्या पिकअपवर टाकी बसली.

मी गावचा पोस्टमास्तर. वेळेवर थैली बंद करणारा, पावतीवर तारीख नीट उमटली का ते पाहणारा माणूस, म्हणून पथकाची वही आणि टाकीची किल्ली माझ्याकडे आली. पाणी कुणी परस्पर सोडू नये म्हणून टाकीच्या तोटीला कुलूप होतं, त्याची ती किल्ली.

रामजीबाबांचे नियम दोनच होते. पहिला, एक फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत टाकी झाकणापर्यंत भरलेली राहील. ते पाणी लग्नाला नाही, पूजेला नाही, कुणाच्या बापाला नाही. दुसरा नियम जाळ सोडण्याचा. आग आवरत नसेल तर खालच्या वाटेवरून आपणच समोरून आग लावायची. मधलं रान जळून जातं, वणव्याला पुढं खायला काही उरत नाही. पण त्या मधल्या रानात कुणाची तरी झाडं असतात. म्हणून रामजीबाबांनी ठरवलं होतं, की ज्याची झाडं जाणार, चूड त्याच्याच हातात द्यायची. चूड म्हणजे माडाच्या सुक्या झावळीची मशाल. त्यानं नाही म्हटलं तर जाळ सोडायचा नाही.

असं का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, "दुसऱ्यानं लावली तर जन्मभर भांडण. सवताच्या हातानं लावली तर रडंल, पण भांडायचा नाय."

बाबा दोन वर्षांपूर्वी वारले होते. पथकाचे प्रमुख आता नंदकुमार साळवी होते. मोठे आंबा बागायतदार, बोलायला मऊ, फोटोत नेहमी मधोमध. त्यांनी पथकाला टोप्या आणल्या.

त्या रविवारी, पंधरा मार्चला, खालच्या सड्यावर क्रिकेटच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. स्पर्धेचे अध्यक्षही साळवीच. सोळा संघ, लाऊडस्पीकर, पाहुण्यांसाठी मांडव. जांभ्याची लाल धूळ अशी उडत होती, की फलंदाजाला चेंडू दिसत नव्हता, आणि पाहुणे साडेदहाला यायचे होते. सव्वानऊला आमची टाकी मैदानावर गेली. पाणी मारून धूळ बसवली. मग शाळेच्या विहिरीवर टाकी भरायला नेली, तर दहाला वीज गेलेली. बाळानं पिकअप मांडवामागे सावलीत लावली. वीज आली की भरतो, असं तो साळवींना म्हणाला. साळवी म्हणाले, बरं.

वीज यायच्या आधी वणवा आला. कुणी विडी टाकली की कुणी मुद्दाम गवत पेटवलं, ते कधीच कळलं नाही. साडेबाराला समालोचन करणाऱ्यानं षटकाच्या मधेच सांगितलं, की सड्याच्या वर धूर दिसतोय, पथकातल्या मंडळींनी पिकअपकडे यावं. पाहुण्यांसमोर आमची धावपळ मोठी उठून दिसली. टाळ्याही वाजल्या. टाकीत किती पाणी आहे, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

फांद्यांनी आम्ही वीस मिनिटं झोडपलं. ओल्या कडेवर आग विझत होती आणि कोरड्या कडेवरून अलीकडे येत होती. एक वाजून बारा मिनिटांनी वरच्या रांगेतला पहिला काजू पेटला. पानं भुरभुर जळाली आणि झाडाखालच्या पाचोळ्यानं पेट घेतला.

साळवी खालच्या पायवाटेवर उभे होते. बागेची खालची कड म्हणजे ती वाट. वाटेखाली लगेच घडशीवाडी, बत्तीस घरं, दर घरामागे गवताची उडवी. त्यांनी आम्हा सगळ्यांना खाली बोलावलं. रघू गोताडनं, रामजीबाबांच्या पुतण्यानं, झावळीची चूड बांधून ठेवली होती.

"वहिनी," साळवी म्हणाले, "इथून जाळ सोडावा लागेल."

आनंदी तोंडाला बांधलेलं फडकं सोडत होती. तिचं वय तेव्हा पंचेचाळीस असेल. नवरा मुंबईत गिरणीत होता. गिरणी गेली, मग तोही गेला. अकरा वर्षांपूर्वी तिनं या उतारावर पहारीनं खड्डे काढले आणि एकशे चाळीस काजू लावले. पहिली तीन वर्षं तिनं डोक्यावरून हंड्यानं पाणी घातलं. त्या साली झाडं भरून आली होती. लाल, पिवळी बोंडं लोंबत होती. दोन दिवसांनी ती काढणी सुरू करणार होती.

"सगळी?" तिनं विचारलं.

"सगळी."

"दुसरं काय करता येत नाय?"

"पाणी असतं तर आलं असतं. आगच मोठी आहे, टाकी पुरली नाही."

तिनं साळवींकडे फार वेळ पाहिलं नाही. ती माझ्याकडे वळली. वही माझी होती, घड्याळ माझं होतं. गावात पत्र कधी येईल इथपासून मनीऑर्डर का अडली इथपर्यंत सगळं लोक मलाच विचारत. मी बरोबर सांगतो, असा माझा लौकिक होता.

"भावजी?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "वाडीत बत्तीस घरं आहेत, वयनी."

तिनं हात पुढे केला. रघूनं चूड पेटवून तिच्या हातात दिली. वाटेच्या दक्षिण टोकाशी ती वाकली, चूड गवताला लावली, चार पावलं पुढे गेली, पुन्हा वाकली. आम्ही तिच्यामागून ओली पोती घेऊन चाललो, आग वाटेच्या खाली उतरू नये म्हणून. बाग संपेपर्यंत दोनशे दहा पावलं झाली. ती एकदाही मागे वळली नाही. शेवटी चूड हाताशी आली तेव्हा तिनं ती आगीतच टाकली आणि रघूच्या हातातलं एक पोतं घेऊन आमच्यात उभी राहिली.

काजूच्या बियांच्या सालीत तेल असतं. ते पेटलं की तडतडतं, उडतं. बोंडं भाजल्याचा गोड वास सगळ्या उतारावर पसरला होता. एक पस्तीसला दोन्ही आगी एकमेकींना भिडल्या आणि विझल्या. घडशीवाडीतलं एक कौलही तडकलं नाही. बंब दोन वाजता आला.

संध्याकाळी साळवी माझ्या घरी आले. चहा घेतला. मग म्हणाले, टाकी मैदानावर गेली होती, हे मुंबईच्या मंडळाला कळलं तर ते टाकी परत मागतील. एका बागेसाठी सगळ्या वाड्यांचं पाणी घालवायचं का? त्यांनी वहीत काय लिहिलंय ते विचारलं.

मी वही उघडून दाखवली. मी रोज सकाळी आठला टाकीत डोकावून नोंद करत असे. पंधरा मार्च, सकाळी आठ, टाकी पूर्ण. त्याखाली आगीच्या वेळा. आठ ते बारा शेहेचाळीस या मधल्या वेळेची नोंद नव्हती.

"यात खोटं काहीच नाही," साळवी म्हणाले.

"नाही," मी म्हणालो.

एप्रिलच्या शेवटी पथकाचा सत्कार ठरला. शाळेसमोर मांडव, तालुक्याहून अधिकारी, शाली, नारळ. भाषणांत प्रसंगावधान हा शब्द मी सात वेळा मोजला. साळवींना मानपत्र मिळालं. मग लाऊडस्पीकरवरून आनंदी धुमकचं नाव पुकारलं, त्यागाची मूर्ती असं म्हणून. बायांनी तिला पुढे ढकललं. अधिकाऱ्यांच्या पत्नीनं तिची ओटी भरली, शाल पांघरली. साळवींनी दोन शब्द बोला म्हणून तिच्या हातात माईक दिला. ती दोन शब्दांत उरकेल आणि डोळे पुसत खाली उतरेल, असं त्यांना वाटलं असावं.

तिनं शाल काढून घडी केली. माईक काठीसारखा धरला.

"रघू," ती म्हणाली, "तुझ्या आंब्याला फवारणी करतोस, तेव्हा हजार लिटरची टाकी किती वेळ चालते रे?"

रघू पहिल्या रांगेत होता. त्याला वाटलं, कौतुकातलंच काही असेल. "अर्धा तास," तो म्हणाला. "नळी बारीक सोडली तर पस्तीस मिन्टं."

"आणि ती माझ्या बागेत किती चालली?"

रघूची मान खाली गेली. मांडवात दोनशेवर माणसं होती. त्यातली निम्मी तरी दर वर्षी आंब्यावर फवारणी करणारी. टाकी किती वेळ पुरते, हे त्यांना आपल्या घरातली माणसं किती हे माहीत असावं तसं माहीत होतं. त्यातली बहुतेक त्या सकाळी मैदानावर बसलेली होती. पाणी मारताना धूळ कशी बसली ते त्यांनी पाहिलं होतं, बरं झालं म्हणाली होती. आनंदी मैदानावर आलेली नव्हती; पाणी मारल्याचं तिच्या कानावर नंतर आलं असावं. एक म्हातारा खोकला आणि त्यानं खोकलाही आवरला.

"महिनाभर मी मोजतेय," आनंदी म्हणाली. "नळी माझ्याच हातात होती. वरच्या कडेच्या एकवीस झाडांपुढचं गवत भिजवलं मी. आंब्याला एक झाड भिजवायला किती लागतं ते मला ठावं हाय, मी साळवींच्याच बागेत फवारायला जाते. एकवीस झाडांचं पाणी म्हणजे भरलेली टाकी नाय, टाकीचा तळ."

साळवी उठले. वहिनींच्या भावना आपण समजू शकतो, पण हा प्रसंग आनंदाचा आहे, असं काहीतरी ते माईकशिवाय म्हणाले. तिनं माईक त्यांच्यापासून लांब नेला आणि व्यासपीठाच्या कडेला माझ्याकडे वळली. वही माझ्या मांडीवर होती. मानपत्रासोबत अधिकाऱ्यांना दाखवायला म्हणून आणलेली.

"भावजी, वहीत काय लिवलंय?"

मी उभा राहिलो. वाचलं. "पंधरा मार्च. सकाळी आठ. टाकी पूर्ण."

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"अजून एकदा. हितं माझ्या माईकात."

तिनं माईक माझ्या तोंडाशी धरला. तिसऱ्यांदा माझाच आवाज शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर काजूच्या तेलाचे जुने काळे डाग होते आणि मनगटावर नवा, गुलाबी, भाजल्याचा.

"आणि आठानंतर?"

"आठानंतर नोंद नाही."

"नोंद नाय, का पाणी नाय?"

मी वही मिटली. खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. ते माझ्या तोंडात तयार होतं, आणि समोर सगळं गाव मी ते बोलू नये म्हणून माझ्याकडे बघत होतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. जसं होतं तसं सांगतो.

तिनं माईक टेबलावर ठेवला. शाल माझ्या वहीवर ठेवली.

"मी माझ्या हातानं लावली," ती म्हणाली. माईक नव्हता, तरी ऐकू आलं. "तुमी मला विचारलंत, म्हणून लावली. घरांसाठी लावली. मैदानासाठी लावतेय, असं सांगितलं असतंत तर चूड कुणाच्या मांडवाला लावायची, ते मी बघितलं असतं." मग माझ्याकडे न बघता, "तुमी बसा, मास्तर."

त्याआधी ती मला कधी मास्तर म्हणाली नव्हती. त्यानंतर भावजी कधी म्हणाली नाही.

ती पायऱ्या उतरून गेली. सूत्रसंचालकानं पुढचं नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या. आधी थोड्या, मग सगळ्यांच्या.

मी साळवींवर कित्येक वर्षं चिडत राहिलो. पुढे ते मोठ्या पदांवर गेले. त्या दिवसाचा फोटो त्यांच्या दिवाणखान्यात आहे आणि फोटोत मागे जळका उतार दिसतो. रघूवर चिडलो, बाळावर चिडलो, गावावर चिडलो. या रागात मला बरं वाटायचं, कारण त्यात एक गोष्ट मागे राहायची. ती इथं लिहितो.

टाकी साळवींनी मागितली नव्हती. सामन्याचा धावफलक मी लिहीत होतो. धुळीनं कागद लाल झाला होता आणि आकडे दिसत नव्हते. साळवी बाळाला म्हणत होते, की पलीकडच्या गावातून भाड्यानं टँकर बघ, तासाभरात येईल. मी खिशातून किल्ली काढली आणि म्हणालो, "तासभर कशाला थांबता? आपली टाकी आहे की." नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. रामजीबाबांचा नियम मीच वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता. ओळी सरळ याव्यात म्हणून पट्टी ठेवून.

पुढच्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला मी आठला पिकअपपाशी गेलो, तर आनंदी आधीच आलेली होती. पथकातून तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. काढायची कुणाची छाती नव्हती. तिनं पदर खोचला, चाकावर पाय देऊन वर चढली, टाकीचं झाकण उघडलं आणि हात आत घातला. पाणी हाताला लागलं तेव्हा हात बाहेर काढून पदराला पुसला.

"लिवा, मास्तर," ती म्हणाली.

मी लिहिलं. ती उभी राहिली, शाई वाळेपर्यंत. दुपारी बाराला परत आली, पुन्हा हात घातला, पुन्हा लिवा. संध्याकाळी पाचला पुन्हा. असं चौदा उन्हाळे चाललं. तेव्हापासून वहीत दिवसाला तीन नोंदी आहेत. त्या पंधरा मार्चच्या पानावर मधली जागा मात्र अजून कोरी आहे. तिनं ती भरा असं कधी म्हटलं नाही. जळक्या उतारावर तिनं पुन्हा काजू लावले. यंदा त्यातले नव्वद धरलेत. रविवारी मैदानावर सामने होतात, धूळ उडते, कुणी काही म्हणत नाही.

यंदा एक फेब्रुवारीला ती काठी टेकत आली. गुडघा गेलाय. चाकावर पाय ठेवून पाहिला, जमलं नाही. बाळाचा मुलगा आता पिकअप चालवतो. तो पुढे झाला, मी बघतो म्हणाला. तिनं काठी आडवी धरून त्याला थांबवलं.

"मास्तर, तुमी चढा."

मी पासष्ट वर्षांचा आहे. चढलो. झाकण उघडलं, बाही सारली, हात आत घातला. बोटं पुरी बुडायला हवी होती. टोकं तेवढी ओली झाली.

"किती हाय?" तिनं खालून विचारलं.

"चार बोटं कमी."

"काय म्हणालात?"

"कमी आहे, वयनी. चार बोटं कमी आहे. रात्री भरताना पाणी झाकणाला लागलं का, ते मी बघितलं नाही. चूक माझी."

तिनं वर पाहिलं. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून हाताचा आडोसा केला. मनगटावरचा गुलाबी डाग आता पांढरा पडलाय.

"मग भरा," ती म्हणाली. "मी हितंच उभी हाय."

मी नळी टाकीत सोडली. टाकी काठोकाठ भरून पाणी बाहेर सांडेपर्यंत ती तिथून हलली नाही.